बाकापासून बाकापर्यंत : नागपुरात घरच्या ज्येष्ठांना झाडापाण्यात फिरायला नेताना पडणारे प्रश्न

आम्ही प्रतापनगरच्या बाजूचे सहा-सात जण. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणी स्वतःच पंचाहत्तरीतले. दर रविवारी, आणि जमलं तर बुधवारीही, सकाळी कुठल्यातरी तलावाच्या नाहीतर बागेच्या बाजूला जातो. माझी आई ८१ वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालते. लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

फिरायला जायचं म्हणजे किती चालावं लागतं?

हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि तो चुकीच्या टोकाने विचारलेला असतो. किलोमीटर मोजू नका, बाक मोजा. दोन बाकांमधलं अंतर तुमच्या माणसाला न थांबता जमतं का, एवढंच पाहायचं. जमत असेल तर ती जागा चालेल, मग ती चारशे पावलांची असो की चार हजारांची. माझ्या आईला साधारण ऐंशी पावलांनी बसावं लागतं. म्हणून ऐंशी पावलांच्या आत बाक नसलेली कितीही सुंदर वाट आमच्या कामाची नाही.

आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मले एवढं चालणं होत नाही, पोरी. तू मले त्या बाकावर बसव अन् तू जा." आम्ही गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तर काकांनी त्या एका बाकावरून खंड्या, दोन मुंगसं आणि शिक्र्याने केलेला चिमणीचा पाठलाग पाहिला होता. आम्हाला वाटेत एक कोतवाल पक्षी तेवढा दिसला. तेव्हापासून बसणं हाच आमचा मुख्य कार्यक्रम आहे, चालणं त्याला जोडून येतं.

डॉक्टर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम चाल सांगतात, ते खरंच आहे. पण तो व्यायाम गल्लीतही होतो. इथे दोन्हींची गल्लत करू नका, नाहीतर झाडाखाली बसलेल्या माणसाला "चला, उठा, अजून दोन राऊंड" म्हणत बसाल.

पहिल्यांदा कुठे न्यावं?

महाराजबागेत. भोसल्यांच्या काळातली ही बाग आज कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि शेतकी कॉलेजला लागून आहे. जमीन बरीचशी सपाट आहे, झाडं जुनी आणि मोठी, सावली भरपूर. प्राणिसंग्रहालयही आतच आहे. पिंजऱ्यातले प्राणी पाहण्यात मला स्वतःला गोडी नाही, पण आईला आहे. बिबट्यापुढे उभी राहून ती त्याच्याशी चक्क बोलते. बर्डीच्या इतकी जवळ असल्याने मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून रिक्षाने पाच मिनिटांत पोचता येतं. काही बिनसलं तर परतणंही तितकंच सोपं, आणि पहिल्या खेपेला ते महत्त्वाचं असतं. प्राणिसंग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या.

रविवारी जाऊ नका. दुपारनंतर शाळकरी पोरांचा आणि फुगेवाल्यांचा मेळा भरतो. मधल्या वारी सकाळी जा.

सिव्हिल लाइन्समध्ये बाग नसताना लोक तिथे का फिरतात?

कारण रस्त्याकाठची जुनी, मोठी झाडं तिथे आहेत. कडुनिंब, चिंच, शिरीष आणि बाहू पसरलेले पर्जन्यवृक्ष. रविवारी सकाळी सात वाजता रस्ते मोकळे असतात. फुटपाथ मात्र मध्येच तुटतो. म्हणून वॉकरवाल्यांना आम्ही रस्त्याच्या कडेनेच चालवतो आणि मागे एक जण गाड्यांवर लक्ष ठेवतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की त्या भागाचं नाव काढू नका. बॅरिकेड, पोलीस, मोर्चे, आणि रिक्षावाला दोन चौक अलीकडेच उतरवून देतो.

व्हीलचेअर असेल तर?

तर आदल्या दिवशी कुणीतरी एकट्याने जाऊन जागा पाहून यायची. यात सूट नाही. एकदा आम्ही ती घेतली आणि चांगलेच फसलो.

बाग छान होती, आत पेव्हर ब्लॉकची रुंद वाट होती, बाक होते. पण दारात दुचाकी आत शिरू नये म्हणून लोखंडी पाइपांचा नागमोडी अडसर लावलेला. माणूस आडवा होऊन निघतो, गाय अडकते आणि व्हीलचेअरही अडकते. बाजूचं मोठं फाटक कुलपात आणि चावी ज्याच्याकडे तो "येईनच दहा मिनिटांत." शेजारच्या आजी खुर्चीत बसून पाऊण तास फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून बसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चला, चहा पिऊ अन् घरी जाऊ."

आता आम्ही मेजटेप घेऊन जातो. खुर्चीची रुंदी घरी मोजून ठेवली आहे, चाकांवरच्या कड्यांसकट, कारण बोटं त्या कड्यांवर असतात. फाटक त्याहून वीतभर तरी रुंद हवं. उतार असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हा सरकारी नियम आहे, पण प्रत्यक्षात कितीतरी उतार घसरगुंडीसारखे असतात. तिथे खुर्ची पाठमोरी उतरवा. ढकलणारा खाली, बसलेला माणूस वरच्या बाजूला तोंड करून. आणि चौकीदाराला आधीच भेटून चावी कुणाकडे असते ते विचारा. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवला की अर्धं काम झालं.

आत वाट कशाची आहे तेही पाहा. पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तर पुढची छोटी चाकं प्रत्येक फटीत अडकतात. मुरमाची दाबलेली वाट त्यापेक्षा बरी. वाळू आणि सुटी गिट्टी अजिबात नको.

काठी, वॉकर याबद्दल काही?

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. निम्म्याहून जास्त लोक उलटी धरतात. उंची अशी की हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला. मेडिकलच्या दुकानात मिळतं, आणि ओल्या फरशीवर सगळा भरवसा त्या बुचावरच असतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चाकांच्या वॉकरला ब्रेक नसेल तर उतारावर नेऊ नका.

चपला नकोत. मागून बंद असलेले, तळ खडबडीत असलेले बूट हवेत.

अंबाझरीला ज्येष्ठांना नेता येतं का?

येतं, पण अंबाझरी म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा. तलाव, त्याची पाळ, उद्यान आणि मागचं जैवविविधता उद्यान या चार वेगळ्या जागा आहेत आणि त्यांची दारंही वेगळी आहेत. तलाव १८७० च्या सुमाराचा आहे. लाव्हा गावच्या टेकड्यांकडून येणारी नागनदी त्याच्या वाटेने शहरात शिरते आणि शहराला तिचंच नाव आहे. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ही नदी आहे? मी सत्तर वर्षं हिला नाला म्हणून राहिली."

जैवविविधता उद्यान साडेसातशे हेक्टरच्या वर पसरलेलं आहे. गवताळ माळ, मध्ये झुडपी जंगल, एका अंगाला तलावाचं मागचं पाणी. पक्षी बघणाऱ्यांची ती पंढरी आहे. पण अंतरं मोठी आणि सावली तुटक, म्हणून ज्याला बाकापासून बाकापर्यंत जायचं त्याने दारापासून दोनशे-तीनशे पावलांच्या आत थांबावं. तेवढ्यातही खूप मिळतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही आत शिरून घडीच्या खुर्च्या टाकल्या आणि पुढे गेलोच नाही. तारेवर नीलपंख बसला होता. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच. बसलेला असताना तो मातकट, काहीसा बावळट दिसतो. मग एकदम उडाला आणि पंखांतला तो निळा उघडला. आई म्हणाली, "अगं, हा तर आतून रंगवलेला आहे." पुढचा अर्धा तास तो चार वेळा खाली आला, नाकतोडा उचलून परत त्याच तारेवर. आम्हाला कुणालाच उठावंसं वाटलं नाही.

पाळीवर जायचं असेल तर ती त्या दिवशी खुली आहे का, पायऱ्या किती आहेत, हे आधी पाहून घ्या. कामं निघाली की वाट बंद होते.

फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स यांपैकी काय निवडावं?

फुटाळा सकाळी साडेसहाला आणि फुटाळा संध्याकाळी साडेसहाला ही दोन वेगळी गावं आहेत. संध्याकाळी चौपाटी, भुट्टे, सेल्फी, हॉर्न. सकाळी पाण्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात आणि हिवाळ्यात कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी तरंगताना दिसतात. तलावाच्या पलीकडच्या अंगाला शेतकी कॉलेजची शेतं आणि झाडी आहे, त्यामुळे शहरात बसूनही समोर हिरवं दिसतं. काठावर बसायला जागा आहे, गाडी जवळ आणता येते. ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी फुटाळ्याची सकाळ मला सगळ्यात आवडते.

तेलंगखेडीचं उद्यान जुनं आहे, सावली चांगली, पण जमीन चढउताराची. सेमिनरी हिल्स तर नावातच टेकडी आहे. ज्यांना गुडघ्याचा त्रास नाही आणि थोडा दम भरायला आवडतो त्यांनी जरूर जावं. साग, पळस, मोर, सगळं आहे. गुडघेवाल्यांना चढण नाही, उतरण त्रास देते. म्हणून गाडीने वर जाऊन वरच्या सपाटीवरच फिरा. जवळच हवाई दलाचा परिसर आहे, तिकडे फोटो काढू नका.

आईला आता चालताच येत नाही. मग काय?

तिघांपैकी एक करा, किंवा तिन्ही करा.

मेट्रोची ॲक्वा लाइन पकडा. स्टेशनांना लिफ्ट आहे, डबे थंड आहेत. धरमपेठ कॉलेजपासून सुभाषनगरकडे जाताना अंबाझरीचं पाणी खिडकीतून वरून दिसतं. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ असतो तेव्हा जा. लोकमान्य नगरपर्यंत जाऊन परत यायचं. आमच्या एका काकूंनी एकाच सकाळी तीन फेऱ्या मारल्या.

दुसरं, गोरेवाडा. २६ जानेवारी २०२१ ला तिथलं आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान सुरू झालं. बसमध्ये बसून सफारी होते, चालावं लागत नाही. बसच्या पायऱ्या उंच असतात, तेवढ्यापुरता दोघांचा आधार लागतो. घरून एक छोटा पाट नेला तर मधली पायरी होते. हसू नका, आम्ही नेला होता.

तिसरं, गच्ची नाहीतर गॅलरी. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि आठ दिवस वाट पाहा. बुलबुल, दयाळ, सातभाई येतात. पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डास होतात.

उन्हाळ्यात बंदच ठेवावं का?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. ज्या गावात वाळ्याचे ताटे लावलेल्या कूलरसमोरूनही माणूस हलत नाही, तिथे हा प्रश्न रास्त आहे. आम्ही बंद ठेवत नाही, वेळ सरकवतो. मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो. सव्वापाचला घराबाहेर, साडेसहाला परत. सातनंतर कुणी "अजून दहा मिनिटं" म्हणालं तर त्याचं ऐकायचं नाही.

संध्याकाळ फसवी असते. सूर्य मावळला तरी डांबर आणि काँक्रीट रात्री आठपर्यंत वाफ सोडत राहतं.

डोक्याला दुपट्टा बांधायला नागपूरकरांना शिकवायला नको. पाण्याचं मात्र सांगावं लागतं, कारण वय वाढलं की तहान कमी लागते. म्हातारी माणसं तहान लागल्यावर पितात आणि तोवर उशीर झालेला असतो. निघण्याआधी एक पेला, बसल्यावर घोट घोट. कैरीचं पन्हं न्या, त्यात मीठ आहेच. घरी साखर-मिठाचं पाणी करायचं तर एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. पण हृदयाचा, किडनीचा, बीपीचा किंवा साखरेचा त्रास असेल तर पाणी किती आणि मीठ-साखर किती हे डॉक्टरांना आधी विचारा. खिशातला कांदा तुम्हाला ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याच्या बाटलीची जागा त्याला देऊ नका.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर ते "थोडं ऊन लागलं" नव्हे. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

एवढं सगळं करून उन्हाळ्यात जायचं कशाला? बहाव्यासाठी. एप्रिल-मेमध्ये सगळं गाव करपलेलं असताना तो पिवळ्या झुंबरांनी लटकलेला असतो. त्याच्याखाली पाच मिनिटं बसून या.

पावसाळ्यात?

शेवाळ. पावसाळ्याबद्दल मला मुख्यतः हा एकच शब्द सांगायचा आहे. पेव्हर ब्लॉकवर झाडाच्या सावलीत हिरवट पातळ थर येतो, तो दिसत नाही आणि खुब्याची हाडं त्यावरच मोडतात. आईचं तसंच मोडलं, घराच्या अंगणात. ओल्या दिवसांत आम्ही डांबरी रस्त्यानेच चालतो. काळ्या मातीच्या वाटेवर तर पाच पावलांत बुटाला किलोभर चिखल लागतो आणि पाय उचलेनासा होतो.

नागनदीच्या आणि तलावांच्या सांडव्याच्या बाजूला मुसळधार पावसात जायचं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. आमच्यातल्या दोघांची घरं त्यात होती. ते अजूनही ढग गडगडले की फिरायला येत नाहीत आणि आम्ही आग्रह करत नाही.

पण पाऊस सुरू होण्याच्या सुमारास नवरंग येतो. पोटाखाली लाल, पाठ हिरवी, पंखावर निळं. दिसतो क्वचित. दोन सुरांची शीळ मात्र सकाळ-संध्याकाळ झाडीतून ऐकू येते. बाकावर बसून ऐकण्याजोगा पक्षी.

हिवाळ्यात तर काहीच अडचण नाही ना?

जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, आणि नेहमीच्या सवयीने लोक साडेपाचला निघतात. तसं करू नका. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतो. छातीचा आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ऊन पडल्यावर, साडेसात-आठला निघावं. माकडटोपी घाला, पण कान पूर्ण झाकले की मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, हेही ध्यानात ठेवा. बाकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे नागपूरचं वैभव.

औषधं चालू असतील तर?

जवळपास सगळ्यांचीच असतात. मधुमेहवाल्यांनी रिकाम्या पोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघू नये आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली की आधी साखर, मग चर्चा. लघवी होण्याची गोळी सकाळी असेल तर फिरून आल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आमच्या दोन काकांचा सगळा प्रश्न तेवढ्याने सुटला. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे हातातल्या घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नका. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे.

बाकावरून उठताना घाई नको. आधी पाय हलवा, मग उभं राहा, दहा आकडे मोजा, मग निघा.

बाथरूमचं काय?

ज्येष्ठ बायका घराबाहेर पडत नाहीत याचं हे खरं कारण आहे आणि ते कुणी मोठ्याने सांगत नाही. त्या पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते, मग घरचे म्हणतात "म्हटलं होतं जाऊ नको." जागा पाहायला जाल तेव्हा स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. दाराची कडी लागते का, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, धरायला दांडा आहे का, पाणी येतं का. बागेतलं वापरण्याजोगं नसेल तर जवळचं मेट्रो स्टेशन किंवा ओळखीचं घर हेरून ठेवा. फेरी तिथूनच सुरू करा आणि तिथेच संपवा.

कुत्री, साप, मधमाश्या आणि तो बिबट्या?

बिबट्या २०२१ च्या मे महिन्यात गायत्रीनगरच्या बाजूला दिसला होता आणि आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. अंबाझरी-गोरेवाड्याचं जंगल शहराला लागून आहे, तेव्हा तो अधूनमधून येणारच. उजाडल्यावर, घोळक्याने, बोलत चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो जात नाही. अंधारात झुडपी भागात शिरू नका, एवढं पुरे.

खरी अडचण कुत्र्यांची. काठी उगारू नका, पळू नका, थांबा आणि हळू बाजूला व्हा. खाऊ घालणाऱ्यांच्या वेळेला त्या कोपऱ्यात जाऊ नका. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यायची.

साप पालापाचोळ्यात असतात. वाटेवरून उतरू नका, बाकाखाली हात घालण्याआधी काठीने आवाज करा. आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाखाली बसू नका आणि अगरबत्ती, विडी काही पेटवू नका.

बाबांना नीट दिसत नाही. त्यांना काय दाखवणार?

दाखवू नका, हातात द्या. सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात, हे अनेकांना लहानपणानंतर आठवतच नाही. निर्गुडीचं पान चोळून नाकाशी धरा. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, थंड. ऐनाचं मगरीच्या पाठीसारखं चिरलेलं. दोन्हींवर तळहात ठेवायला लावा. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलते, तिचा वास काहींना वेड लावतो आणि काहींचं डोकं धरतं. आमच्यात यावरून दोन पक्ष आहेत.

आवाजांत तांबट सोपा आहे, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं एकसुरी टुक-टुक. भारद्वाजाचा खोल घुमणारा हूप-हूप. टिटवीचा तर कांगावाच. ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांच्यासाठी पिंपळ किंवा उंबर फळला असेल तेव्हा जा. शेंड्यावर कोवळ्या उन्हात हरियाल बसतात, राज्यपक्षी आपला. थवा फांदी सोडतो तेव्हा सगळं झाड हललेलं मंद नजरेलाही कळतं.

विसरभोळेपणा वाढलेला असेल तर?

तीच वाट, तोच बाक, तोच वार. बदल नको. खिशात नाव, घरचा नंबर आणि औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पुडीत ठेवा. एक जण फक्त त्यांच्यासोबत, ज्याच्या हातात दुर्बीण नाही. मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. माणूस हरवला तर थेट ११२.

आई घराबाहेर पडायलाच तयार नाही.

"फिरायला चल" म्हणू नका. त्यात कर्तव्याचा वास येतो. काम सांगा. माझी आई पहिल्यांदा आली ती कढीपत्त्याचं रोप आणायला म्हणून. नंतर पळसाची फुलं वेचायला आली, होळीच्या रंगासाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती झाडाखाली सडाच घालतात, त्यामुळे तोडायची गरज नसते. वॉकरला पिशवी अडकवून तिने ती भरली, घरी रात्रभर पाण्यात भिजवली आणि सकाळी बादलीभर केशरी पाणी गल्लीतल्या पोरांना वाटलं. आता रविवारी मलाच विचारते, "काहून, अजून उठली नाहीस?"

पेंचला नेऊ का?

पाठीचा, मानेचा किंवा हाडं ठिसूळ झाल्याचा त्रास असेल तर नको. जिप्सी तीन-चार तास आदळते आणि मध्ये उतरता येत नाही. त्यापेक्षा रामटेकच्या बाजूला खिंडसीला जा. गाडी काठापर्यंत जाते, पाणी अफाट आहे आणि वाटलं तेव्हा परत फिरता येतं.

नाश्ता कुठे?

यावर आमच्यात भांडणं होतात, म्हणून ठेल्याचं नाव लिहीत नाही. पोहा घ्या, आम्लपित्त असणाऱ्यांसाठी तर्री वेगळ्या वाटीत मागा, आणि ठेल्यापाशी टेकायला खुर्ची आहे का ते आधी बघा. नसेल तर आपली घडीची खुर्ची गाडीत असतेच.